प्रति: एवढे पैसे मोजून दहा घास?

'एवढे पैसे मोजून दहा घास, आणि काय खायचं तेही आपण ठरवायचं नाही' हा रेस्टॉरंटमधल्या टेस्टिंग मेन्यूबद्दलचा (म्हणजे शेफने ठरवलेले, एकामागून एक येणारे छोटे छोटे पदार्थ) वरचा मुद्दा मला निम्माच पटला. किंमत बहुतेकांच्या आवाक्याबाहेरची आहे, त्यात वादच नाही. पण ठरलेला मेन्यू हा शेफचा हट्ट नसतो. मुंबईत महालक्ष्मीला शक्ती मिल लेनमध्ये २०१६ साली सुरू झालेलं 'मास्क' हे असं रेस्टॉरंट घ्या. रात्री किती माणसं जेवणार हे आधी ठाऊक असलं की माल तेवढाच आणता येतो, आणि छोट्या शेतकऱ्याकडचा थोडासा, चार दिवसांत संपणारा मालही चालतो. नेहमीच्या मेन्यूकार्डाला वर्षभर तोच माल लागतो, तिथे हे जमणं कठीण.

आपली शेवळं ही रानभाजीच बघा ना. पावसाच्या तोंडावर आदिवासी बायका ती जुड्या बांधून विकायला आणतात आणि थोड्याच आठवड्यांत ती दिसेनाशी होतात. साफ करताना आतल्या दांड्याचा पिवळा भाग काढून टाकायचा, शिजवताना काकडं (आंबट रानफळं) घालायची, नाहीतर घसा असा खाजतो की विचारू नका. सीकेपी घरांत त्यात कोलंबी पडते, आणि ती चव दुसऱ्या कशालाच नाही! मुंबईतल्या टेस्टिंग मेन्यूंमध्ये अशा रानभाज्यांना हक्काची जागा मिळावी असं मला मनापासून वाटतं. जाणार असाल तर शाकाहारी आहात का, कशाची अ‍ॅलर्जी आहे का, हे बुकिंग करतानाच सांगा. आयत्या वेळी बदल करणं स्वयंपाकघराला जड जातं.