मदत हवी आहे: बायोप्सीत 'केआय-६७ : ३०%' आलंय, म्हणजे नेमकं काय?

बागवाला_निफाड
नमस्कार मंडळी. मोठ्या वहिनींना छातीत गाठ लागली म्हणून नाशिकला बायोप्सी केली. रिपोर्ट काल मिळाला. ईआर, पीआर (इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन पकडणारी प्रथिनं) पॉझिटिव्ह, हर-टू (पेशीला वाढीचा हुकूम देणारं प्रथिन) निगेटिव्ह आणि शेवटच्या ओळीत केआय-६७ तीस टक्के. काउंटरवरचा पोरगा पाकीट देताना "तीस टक्के दिसतंय" एवढंच बोलला. दादाने त्याचा अर्थ लावला, अंगात तीस टक्के कॅन्सर पसरला. तेव्हापासून घरात कुणी नीट जेवलेलं नाही. डॉक्टर मंगळवारी भेटणार. वहिनींना अजून काही सांगितलेलं नाही.

रात्री बसून थोडं वाचलं. पेशीचं विभाजनाचं चक्र असतं, त्याचा ताबा सुटला की कॅन्सर, इथवर कळलं. पण ताबा सुटतो कसा? आणि हा आकडा त्यात कुठे बसतो? काढे आणि गव्हांकुराचा रस कृपया सुचवू नका, ते काम भावकीने केलंय.

खडूफळा
आधी दादांना जेवायला बसवा. पसरण्याशी या आकड्याचा संबंध नाही. तपासलेल्या तुकड्यातल्या शंभर कॅन्सरपेशींपैकी साधारण तीस पेशींच्या केंद्रकात केआय-६७ नावाचं प्रथिन दिसलं, म्हणजे त्या पेशी विभाजनाच्या चक्रात होत्या, एवढाच अर्थ. नाव जर्मनीतल्या कील शहरावरून पडलं. ६७ म्हणजे तिथल्या प्रयोगाच्या ताटलीतल्या एका खळग्याचा नंबर, बाकी काही नाही.

आता चक्र. छाटणीआधी द्राक्षाच्या काडीवरचा डोळा जिवंत असतो पण झोपलेला, तशाच आपल्या बहुतेक पेशी झोपलेल्या असतात. हुकूम आला की पेशी जी-१ मध्ये शिरते, एस मध्ये डीएनएची नक्कल करते, जी-२ मध्ये ती नक्कल तपासते आणि एम मध्ये दुभंगते. केआय-६७ या चारही टप्प्यांत असतं, झोपलेल्या पेशीत नसतं. पुढे ढकलणारी जोडगोळी म्हणजे सायक्लिन आणि सीडीके ही प्रथिनं. सायक्लिन टिम हंट यांना १९८२ च्या सुमारास समुद्री अर्चिन या काटेरी प्राण्याच्या अंड्यांत सापडलं. याच चक्रावर काम करणाऱ्या हार्टवेल आणि नर्स यांच्यासोबत त्यांना २००१ चं नोबेल मिळालं.

अडवणारेही आहेत. जी-१ च्या शेवटी आरबी हे प्रथिन दार लावून बसतं. डीएनए बिघडलं तर पी-५३ चक्र थांबवतं, आणि दुरुस्ती जमली नाही तर पेशीलाच मरायला लावतं. कॅन्सरमध्ये ढकलणारे जास्त होतात, अडवणारे निकामी होतात. हे एका रात्रीत होत नाही, बिघाड वर्षानुवर्षं साठत जातात. ईआर पॉझिटिव्ह गाठीत इस्ट्रोजेनमुळे सायक्लिन-डी वाढतं, ते सीडीके-४ आणि ६ ला कामाला लावतं, मग आरबीची पकड सुटते. म्हणून अशा गाठींवर हार्मोन रोखणारी औषधं चालतात.

बागवाला_निफाड
म्हणजे डोळे फोडायची डॉरमेक्सची पेस्ट न लावताच डोळे फुटत राहायचे, असं?

खडूफळा
तसंच. फक्त बागेतले डोळे एकसारखे फुटले तर तुम्ही पेढे वाटता.

माई_सिडको
भाऊ, माझ्या बहिणीलाही असाच प्रकार. तिचा हाडात गेला होता, तुमच्याकडे तसंच असेल असं समजू नका. तिला सीडीके-४ आणि ६ अडवणारी गोळी, पाल्बोसिक्लिब. २१ दिवस घ्यायची, ७ दिवस सुट्टी. अस्थिमज्जेतल्या पेशीही सतत विभागत असतात, त्यामुळे पांढऱ्या पेशी खाली येतात, सुट्टीत सावरतात. दर वेळी आधी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), मग गोळी.

खोटा धीर देत नाही, तीस हा कमी आकडा नाही. पण तो लॅबगणिक थोडा बदलतो, एकट्यावर काही ठरत नाही. मंगळवारी स्टेज (किती पसरलाय) विचारा, ग्रेड (पेशी किती बिघडलेल्या दिसतात) विचारा, काखेतल्या गाठींचं विचारा. केमो लागणार का, आणि का, तेही. कागदावर लिहून न्या, आत गेलं की सुचत नाही. आणि वहिनींना सांगा हो. रिपोर्ट त्यांचा आहे.

बागवाला_निफाड
सांगायला गेलो. त्यांनी पाकीट कालच उघडून वाचलं होतं, परत चिकटवून फ्रिजवर ठेवलं होतं. मला म्हणाल्या, मंगळवारी बागेत डाऊनी रोगाची फवारणी आहे ना, मग गाडी कोण चालवणार?

फवारणी बुधवारवर ढकलली आहे. तुमचे प्रश्न त्यांनी स्वतःच्या हाताने वहीत उतरवले. त्यात एक त्यांचा: केस गेले तर किती दिवसांनी येतात?