अनुभव धागा: पाकीट फोडून पोट भरणारे नागपूरकर, लिहा

बाहेरगावाहून शिकायला, नोकरीला आलेले, घरीच राहून रात्री बेरात्री पाकीट फोडणारे, सगळ्यांनी लिहा. विषय अल्ट्राप्रोसेस्ड खाणं. ब्राझीलच्या कार्लोस मोंतेरोच्या टीमनं खाण्याचे चार गट पाडले, त्याला नोव्हा म्हणतात, त्यातला हा चौथा: कारखान्यात बनलेलं, घरच्या ओट्यावर कधी नसतात अशा गोष्टी घातलेलं, इमल्सिफायर (तेल-पाणी एकजीव ठेवणारा पदार्थ), फ्लेवर, रंग वगैरे. म्हणजे तर्री पोहे यात येत नाहीत, तर्री कितीही लाल असो, ते भांडण दुसऱ्या धाग्यावर करू. फक्त काय खाता अन् काहून खाता ते सांगा, उपदेश नको बाप्पा.

रातपाळी
मिहानमध्ये (विमानतळाजवळचा कंपन्यांचा भाग) आहे, रात्रीची शिफ्ट. आमचं कँटीन लवकर बंद होते, मग मशीनमधले चिप्स, क्रीमवाली बिस्किटं नाहीतर कपातले नूडल्स, दुसरं काही नाहीच. मेसवाल्या काकूंचा डबा येते दुपारी, तेव्हा मी झोपून राहते, उठते तोवर पोळ्या चिवट अन् वरण थंड, अन् गरम करायला पीजीत काही नाही, मालकीणबाई इंडक्शनपण लावू देत नाहीत, लाईटबिल येते म्हणून. घरी गेले की आई म्हणते तुले भाजी आवडेनाशी झाली. अगं आवडते, दिसत नाही ती.

नंदनवनचा किराणा
मी विकणारा आहे, माझंपण ऐका. पोरायच्या खोल्या बाजूलेच आहेत, सगळा धंदा 5 अन् 10 च्या पाकिटाचा. भाव तोच ठेवतात, ग्रॅम कमी करत जातात. कंपनीचा माणूस येते, समोरची लाईन स्वतः लावून जाते, स्टँड फुकट देते. फुटाणे, शेंगदाणे, मुरमुरेपण ठेवतो मी, पण ते मागच्या डब्यात, कारण फुटाण्याचा कोणता माणूस येणार आहे स्टँड घेऊन? पोरगं दुकानात येते ते एका मिनिटासाठी, समोर जे लटकून राहिलं ते तोडते अन् जाते.

मेडिकलवाला
2019 चा केविन हॉलचा अमेरिकेतला प्रयोग आम्हाला शिकवला होता. 20 जणांना तिथंच ठेवून 2 आठवडे अल्ट्राप्रोसेस्ड अन् 2 आठवडे साधं जेवण दिलं, समोर ठेवलेल्या जेवणात कॅलरी, साखर, मीठ, फायबर सारखंच, जितकं वाटलं तितकं खा. तर पाकिटवाल्या जेवणात माणसं रोज सुमारे 500 कॅलरी जास्त खाऊन गेली, भराभर खाल्लं, अन् वजन जवळपास 1 किलो वाढलं. माणसं कमी होती अन् वेळही कमी, हे मान्य. पण 'मनावर ताबा ठेव' म्हणणाऱ्या काकालोकांना हे वाचायला द्या.

खाऊगल्ली बंद
@मेडिकलवाला त्याच प्रयोगात ताज्या जेवणाचं सामान महाग पडलं होतं ना, आठवड्याचे 151 डॉलर विरुद्ध 106? आपल्याकडं तर वरणभात स्वस्तच आहे की. पण त्याले कुकर लागते, गॅस लागते, भांडे घासायले जागा लागते. हे कोणी हिशोबात धरतच नाही.

धरमपेठ जिम
प्रोटीन बारपण चौथ्या गटातच म्हणे. मागं वाचलं तर खरंच अर्ध्या गोष्टी ओळखू येत नाहीत. राग आला पण खाऊन राहिलो, कारण क्लासमधून थेट जिमले जातो. तसं चौथ्या गटातलं सगळं एका तराजूत तोलणं मले पटत नाही, ब्रेड अन् कोल्ड्रिंक सारखे कसे होतील? अन् परीक्षेच्या दिवसात एनर्जी ड्रिंक ढोसणाऱ्या मित्रायसाठी: आपल्या नियमात लिटरमागं 300 मिलिग्रॅमपर्यंत कॅफिन चालते, डबा पलटवून बघत जा बे.

सरगुंडेवाली काकू
माझी मुलगी 19 ची. उन्हाळ्यात सरगुंडे, कुरडया करून ठेवल्या तर म्हणते, आई हापण तुझा पॅक्ड फूडच आहे. म्हटलं आहे ना, वाळवलेलंच आहे, पण यात गहू अन् मीठ, सांग तिसरं काय आहे? तर गप्प. मग आमरसासोबत ताटभर खाल्ले अन् रात्री पुन्हा नूडल्स उकळले मैत्रिणीसोबत व्हिडिओ कॉलवर. मी काही बोलत नाही आता, फक्त त्यात मटार, गाजर अन् सांबार (म्हणजे कोथिंबीर) टाकून देते, तेवढं खाते.

रातपाळी
@नंदनवनचा किराणा दादा, तुम्ही फुटाण्याच्या 10 च्या पुड्या बांधून समोर लटकवा ना, मी नेईन रोज ऑफिसला, आमच्या टीमलापण सांगते. अन् खामला नाहीतर त्रिमूर्तीनगरकडं किचन वापरू देणारं मुलींचं पीजी कोणाले माहीत असेल तर सांगा, भाडं थोडं जास्त चालेल.