22 महिन्यांच्या मुलीच्या पटाशीच्या दातांवर पांढरी रेघ

विदर्भकन्या : माझ्या मुलीला रात्री साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात असल्याशिवाय झोप लागत नाही. परवा उजेडात तिचा वरचा ओठ उचलून पाहिला, तेव्हा पटाशीच्या दातांवर, हिरडीला अगदी लागून, खडूने ओढल्यासारखी पांढरी रेघ दिसली आणि ती पुसूनही गेली नाही. सासूबाईंच्या मते दुधाचे दात पडणारच आहेत, त्यामुळे काळजीचे कारण नाही. आम्ही यवतमाळ जिल्ह्यात बोअरवेलचे पाणी पितो. त्यातल्या फ्लोराइडबद्दल इतके ऐकले आहे की फ्लोराइडची पेस्ट वापरायचा धीर होत नाही. काय करावे?

बालदंतवैद्य : ताई, आपण ओठ उचलून पाहिलेत हे फार चांगले केलेत. अशी रेघ बहुधा किडीची पहिली पायरी असते. दातातील खनिजे झिरपून गेलेली असतात, पण खड्डा पडलेला नसतो, म्हणून या टप्प्यावर कीड थांबवता येते. दवाखान्यात फ्लोराइडचे वार्निश, म्हणजे दातांवर लावायचा लेप, लावून घ्या. झोपेत लाळ कमी सुटते, दूध वरच्या दातांभोवती साचून राहते आणि जंतू त्यातील साखरेचे आम्ल करतात; खालच्या दातांना मात्र जीभ आणि लाळ सांभाळून घेतात. बाटली एकदम हिसकावू नका. आधी साखर बंद करा, मग रोज थोडे थोडे पाणी वाढवत नेऊन एक-दोन आठवड्यांत नुसत्या पाण्यावर या, आणि दात घासल्यानंतर पाण्याखेरीज काही देऊ नका.

पुढचे दात मूल सहा-सात वर्षांचे होईपर्यंत राहतात हे खरे, पण दुधाच्या दाढा 10 ते 12 वर्षांपर्यंत चावायला लागतात, आणि त्या अकाली काढाव्या लागल्या तर शेजारचे दात कलंडून कायमच्या दातांची जागा अडवतात.

आता फ्लोराइडविषयी. तीन वर्षांखालील मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट पुरते. 1000 पीपीएमच्या (म्हणजे एका ग्रॅममध्ये 1 मिलिग्रॅम फ्लोराइड असलेल्या) पेस्टच्या तेवढ्या दाण्यात सुमारे 0.1 मिलिग्रॅम फ्लोराइड असते. उलट, लिटरला 3 मिलिग्रॅम फ्लोराइड असलेले एक लिटर पाणी त्याच्या तीसपट फ्लोराइड पोटात घालते. म्हणून पाणी तपासून घ्या. प्रमाण 1.5 मिलिग्रॅमपेक्षा जास्त निघाले तर पिण्याचे पाणी बदला. उकळल्याने फ्लोराइड जात नाही, पाणी आटून उलट दाट होते.

दोन मुलांचा बाबा : माझ्या थोरल्याच्या बाबतीत आम्ही अशीच रेघ पाहिली आणि सोडून दिली. चौथ्या वर्षी दाढ ठणकून तो रात्रभर गाल धरून बसला, तेव्हा डोळे उघडले. धाकटीला मी भिंतीला टेकून बसतो, तिचे डोके मांडीवर घेतो आणि डाव्या हाताच्या बोटाने ओठ वर करून मऊ ब्रशने हिरडीच्या कडेने घासतो. समोर उभे करून घासताना ती कड कधीच दिसत नव्हती. खोकल्याच्या गोड औषधानंतरही तोंड पुसा, हे सहसा कोणी सांगत नाही.

विदर्भकन्या : सर्वांचे मनापासून आभार. काल साखर बंद केली. ती बराच वेळ रडली आणि अखेर सासूबाईंच्या मांडीवर झोपली. पाण्याचा नमुना सोमवारी प्रयोगशाळेत देणार आहे.