रविवारचा नकाशा आणि बी विंगचं गेट

वैद्य काकू (बी विंग): रविवारच्या चालण्याचा नकाशा कोणीतरी इथे टाकलाय. रेघ थेट आमच्या गेटपासून सुरू होते, शेजारी वेळही दिसते. घरातली माणसं किती वाजता बाहेर पडतात हे जगाला सांगायची गरज होती का?

निनाद (ए विंग): काकू, "कोणीतरी" नाही, मीच टाकला. लिंक आपल्या ग्रुपपुरतीच आहे.

वैद्य काकू: माझ्या भाच्याच्या फोनवर उघडली. तो या ग्रुपवर नाही.

शिर्के (सेक्रेटरी): सर्वांनी कृपया संयम राखावा 🙏

पराग: मला वेगळंच विचारायचंय. निनादचे ९.१ किमी, माझे ८.४. शेवटपर्यंत बरोबर होतो ना आपण?

निनाद: तुझा फोन जुना.

पराग: फोन जुना, की तुला मोठा आकडा हवा?

रेगे सर: भांडू नका. मोकळ्या आकाशाखाली फोनने दाखवलेली जागा साधारण ५ मीटरच्या आत बरोबर असते. कडा, दाट झाडी किंवा उंच इमारत आली की सिग्नल आपटून येतो आणि बिंदू उड्या मारतो. त्या उड्याही अंतरात धरल्या जातात. निनाद बुटाची नाडी बांधत बसला होता ती जागा मोठी करून बघा.

पराग: 😂 लोकरीचा गुंता झालाय. बसल्या बसल्या चाललाय हा!

अप्पा (सी विंग): फोन फ्लाइट मोडवर टाका. जीपीएस नुसतं ऐकतं, बोलत नाही. नेटवर्क लागत नाही. बॅटरी वाचते.

स्नेहा: माझी तर दरीवरून सरळ रेघ आलीये. उडत गेले की काय मी?

निनाद: बॅटरी सेव्हर. स्क्रीन बंद झाली की फोन ॲपला झोपवतो. सेटिंग्जमध्ये जाऊन त्या ॲपवरचं बॅटरीचं बंधन काढ. मागच्या पावसाळ्यातही हेच सांगितलं होतं.

स्नेहा: तेव्हा तू सांगितलं नव्हतंस, हसला होतास.

मोहिते: दरी राहू द्या. माझ्या पार्किंगमध्ये पांढरी गाडी कोणाची?

अप्पा: फोन फ्लाइट मोडवर टाका. जीपीएस नुसतं ऐकतं, बोलत नाही.

स्नेहा: अप्पा, टाकला होता. नकाशाच उघडेना.

रेगे सर: नकाशा घरीच डाउनलोड करून ठेवायचा. आणि नेट नसेल तर पहिल्यांदा जागा सापडायला वेळ लागतो, लगेच चालू पडायचं नाही.

वैद्य काकू: माझ्या प्रश्नाचं काय झालं? की ज्येष्ठांनी विचारायचंच नाही?

शिर्के (सेक्रेटरी): काकू, तसं कोणी म्हटलेलं नाही.

रेगे सर: काकूंचं म्हणणं हसण्यावारी नेऊ नका. नोव्हेंबर २०१७ मध्ये स्ट्राव्हा या चालणं-पळणं नोंदवणाऱ्या ॲपने जगभरच्या वापरकर्त्यांचे मार्ग एकत्र करून एक नकाशा प्रसिद्ध केला. त्यात कोणाचंही नाव नव्हतं. तरी जानेवारी २०१८ मध्ये लोकांनी त्यावरून लष्करी तळ ओळखले. ओसाड वाळवंटात त्याच चौकोनाभोवती दुसरं कोण पळणार?

निनाद: आपण लष्करी तळ नाही हो सर.

वैद्य काकू: कुलूप लावलेलं घर आहोत. चोराला तेवढं पुरतं.

पराग: 🔥

निनाद: बरं. मार्गाची सुरुवात आणि शेवट लपवायची सोय असते, ती लावतो. झालं?

रेगे सर: ती सोय ॲपवर बघणाऱ्यांपुरती. तू जीपीएक्स, म्हणजे मार्गाच्या नोंदीची, फाइलही पाठवतोस. तिच्यात सहसा एकेका बिंदूची जागा आणि वेळ जशीच्या तशी असते. पुढे गेलेल्या फाइलवर आपला ताबा राहत नाही. त्यापेक्षा रेकॉर्डिंग चौक ओलांडल्यावर सुरू कर आणि परतताना तिथेच थांबव.

निनाद: म्हणजे माझं दर वेळी किलोमीटरभर कमी.

पराग: नाड्या बांधून भरून काढ.

अप्पा: फोन फ्लाइट मोडवर टाका.

शिर्के (सेक्रेटरी): अप्पा, नोंद घेतली आहे.

निनाद: लिंकचा मेसेज सगळ्यांसाठी डिलीट केला. आता विषय बंद करूया.

वैद्य काकू: भाच्याकडे अजून उघडतेय.

रेगे सर: मेसेज गेला, नोंद तशीच आहे. ॲपमध्ये जाऊन ती "फक्त मी" कर.

निनाद: केली. आता विचारा.

वैद्य काकू: नाही उघडत. आभारी आहे. एवढंच पहिल्या मेसेजला केलं असतं तर बरं झालं असतं.

मोहिते: पांढरी गाडी अजून तिथेच आहे.