रेनडिअरची ‘लोकसंख्या’ आणि बेटाची ‘वहनक्षमता’

अनुवादिका: बेरिंग समुद्रातल्या सेंट मॅथ्यू बेटावरचा मजकूर मराठीत आणतेय. १९४४ साली तिथे २९ रेनडिअर सोडले. शिकारी प्राणी नाहीत, लायकेन (शेवाळासारखं दिसणारं, रेनडिअर खातात ते) मुबलक. १९६३ पर्यंत ते सुमारे ६,००० झाले आणि १९६६ साली उरले ४२. मी ‘पॉप्युलेशन’साठी ‘रेनडिअरची लोकसंख्या’ आणि ‘कॅरिंग कपॅसिटी’साठी, म्हणजे बेट जास्तीत जास्त किती जीव पोसू शकतं त्यासाठी, ‘बेटाची वहनक्षमता’ लिहिलं. संपादकांनी दोन्हींवर काट मारली. दुसऱ्यासाठी ‘धारणक्षमता’ सुचवलं, पहिल्यासाठी काहीच नाही.

सरळमार्गी: लोक म्हणजे माणसं. ‘संख्या’ लिहा.

धातुशोधक: संख्या नुसता आकडा झाला. एका जागी राहणारे, आपसात वीण होणारे एका जातीचे जीव, हा अर्थ त्यात कुठे येतो? ‘जनसंख्या’ घ्या. जन् म्हणजे जन्मणं, जन्मतं ते सगळं जन.

सरळमार्गी: धातू काहीही सांगो, ‘चार जण आले’ म्हटल्यावर कुणाच्या डोळ्यांपुढे हरणं येत नाहीत.

रानवाचक: वहन म्हणजे वाहून नेणं. बेट काय नेतंय? ‘धारण’च बरं, धरणाशी नातं सांगणारं. पण एक खटकतं. धरणाची भिंत ठरलेली असते. इथे रेनडिअरनी बेटाची क्षमताच खाऊन टाकली. लायकेन फार सावकाश वाढतं, एकदा तुडवलं गेलं की वर्षानुवर्षं भरून येत नाही. त्यात १९६३-६४ चा हिवाळा कडक गेला.

धातुशोधक: मग धरणच चपखल! गाळ साचला की भिंत तीच, पाणी मात्र कमी मावतं.

गोठ्यातली: माझी आजी म्हणायची, “या रानाला एवढी गुरं पोसवत नाहीत.” ‘पोसवणं’ इतकं नेमकं असताना क्षमता कशाला जोडायची?

रानवाचक: वाक्यात छान बसेल, आलेखाच्या अक्षावर काय लिहाल? शिवाय अन्नच आडवं येतं असं नाही. जागा, रोगराई, शिकारीही वाढ रोखतात.

सरळमार्गी: आलेखावरून आठवलं. बेल्जियन गणितज्ञ व्हेर्हुल्स्टने १८३८ मध्ये मांडलेल्या, जीवांची संख्या कशी वाढते ते सांगणाऱ्या समीकरणाचा आलेख आधी झपाट्याने चढतो, मग आडवा होतो. तिथे ‘वाढ खुंटते’ असं वाचलं. चूक आहे. खुंटलेलं रोप रोगट असतं. ही वाढ स्थिरावते.

गोठ्यातली: खुंटणं रोगटच कशाला? बोलणंही खुंटतं.

अनुवादिका: मजकूर आज संध्याकाळी द्यायचाय. ‘लोकसंख्या’ तूर्त तशीच ठेवू का?

धातुशोधक: खुंटणं हे खुंटावरून आलं असावं. झाड तोडल्यावर उरतो तो खुंट. त्यालाही पुन्हा धुमारे फुटतातच की.