संकटात देवावर हवाला टाकायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

मेरुमणी

'देवावर विश्वास ठेव, सगळं ठीक होईल.' या वाक्यात भरवसा आणि हमी एकत्र शिवलेली आहेत आणि घोळ तिथूनच सुरू होतो. हमी खोटी ठरली, म्हणजे आजार बरा झाला नाही किंवा गेलेलं माणूस परत आलं नाही, की तिच्याबरोबर भरवसाही बुडतो.

माझं मत असं की संकटात विश्वास 'वाटण्याची' वाट बघू नये. दुःखात झोप, भूक, लक्ष सगळंच कोलमडतं, मग श्रद्धेची भावना तेवढी कशी जागेवर राहील? कृती धरून ठेवावी. भावना मागाहून आली तर आली.

कृती कोणती ते लिहिते, कारण 'नामस्मरण करा' एवढं सांगून कुणाचं भागत नाही.

दिवसातली एकच वेळ ठरवा, शक्यतो उठल्यावर, फोन हातात घेण्याआधी. बसवत नसेल तर पडूनही चालेल. नाम किंवा प्रार्थनेची एकच ओळ घ्या आणि ती रोज बदलू नका. ओळ श्वास सोडताना म्हणायची. श्वास घेणं धरून एका आवर्तनाला साधारण दहा सेकंद. या गतीनं 108 मण्यांच्या माळेला 18 मिनिटं लागतात आणि संकटाच्या पहिल्या आठवड्यांत तेवढं सहसा जमत नाही. 27 मण्यांची स्मरणी घ्या, साडेचार मिनिटांत होते. पुटपुटत पळवलं तर 108 मणी दोन मिनिटांत उरकतात, पण श्वास उथळच राहतो आणि मन मोकाट सुटतं.

मग तक्रार. बहुतेक जण ही पायरी गाळतात, कारण देवापुढे कुरकुर म्हणजे श्रद्धा कमी पडली असं वाटतं. मोठ्यानं बोला नाहीतर कागदावर लिहा, पण देवाला 'तू' म्हणून. काय झालं, त्यातलं काय पटत नाही, आणि आज काय हवंय. 'आज' हा शब्द महत्त्वाचा. 'आजचा रिपोर्ट ऐकताना पाय लटपटू नयेत' हे मागणं माणसाला दिवसभर पुरतं. 'सगळं पहिल्यासारखं कर' हे मागणं रोज संध्याकाळी नापास होतं.

शेवटी हातातलं एक काम, अर्ध्या तासात होणारं. एखादा फोन, एखादा अर्ज, औषधाची वेळ. ते झालं की उरलेल्याचा हवाला देवावर. आधी नाही.

कातळ

पद्धत छान आहे, पण तिच्यात देव कुठे आहे ते दिसलं नाही. 2001 मध्ये एक छोटा प्रयोग प्रसिद्ध झाला होता. 23 निरोगी माणसांना ख्रिस्ती जपमाळेवरची लॅटिन प्रार्थना आणि 'ॐ मणि पद्मे हुं' हा बौद्ध मंत्र म्हणायला लावलं. दोन्हींत श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला आणि रक्तदाब सांभाळणारी शरीराची प्रतिक्षिप्त क्रिया सुधारली. तुमचे दहा सेकंद म्हणजे हेच. परस्परांशी संबंध नसलेल्या दोन धर्मांचे शब्द सारखाच परिणाम करतात, तर काम श्वास करतो असं का म्हणू नये?

आणि प्रार्थनेनं बाहेरचं काही बदलतं का, हेही तपासून झालंय. 2006 मध्ये अमेरिकेतल्या सहा रुग्णालयांतल्या 1802 बायपास रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. अनोळखी लोकांनी 14 दिवस त्यांच्यासाठी प्रार्थना केली. ज्यांना प्रार्थना मिळेल की नाही हे माहीत नव्हतं, त्यांच्यात गुंतागुंतीचं प्रमाण प्रार्थना मिळालेल्यांत 52 टक्के आणि न मिळालेल्यांत 51 टक्के. ज्यांना 'तुमच्यासाठी प्रार्थना चालू आहे' हे नक्की सांगितलं होतं, त्यांच्यात 59 टक्के. 'माझी तब्येत इतकी वाईट आहे का, की प्रार्थना करावी लागतेय?' अशी धास्ती त्यांनी घेतली असेल, असा एक अंदाज आहे.

मेरुमणी

आकडे मान्य, आणि म्हणूनच हमीचा भाग मी पहिल्याच परिच्छेदात कापला. पण त्या अभ्यासात प्रार्थना करणारे परके होते, रुग्णाचं नाव पुढ्यात घेऊन ठरावीक मजकूर म्हणणारे. रुग्णाचा स्वतःचा देवाशी असलेला संवाद त्यात मोजलाच नव्हता. श्वासाचं म्हणाल तर, श्वासातून काम होतं एवढ्यानं त्यामागे दुसरं काही नाही हे सिद्ध होत नाही. आहे असंही होत नाही, हे मान्य.

पाणवठा

दोघांशीही माझं भांडण आहे, पण जास्त मेरुमणींशी. तुम्ही देवाला इतकं धुऊन स्वच्छ केलंत की त्याच्याकडे मागायलाही काही उरलं नाही. 'पाय लटपटू नयेत' एवढंच मागायचं? ज्याचं मूल अतिदक्षता विभागात आहे तो मूल वाचव असंच म्हणणार, आणि तेच त्यानं म्हणावं.

गीतेच्या सातव्या अध्यायात सोळाव्या श्लोकात चार प्रकारचे भक्त सांगितलेत: आर्त, जिज्ञासू, अर्थार्थी आणि ज्ञानी. त्यात पहिलं नाव आर्ताचं, संकटात हाक मारणाऱ्याचं. पुढे अठराव्या श्लोकात ज्ञान्याला वरचढ ठरवलंय खरं, पण त्याच श्लोकाची सुरुवात 'उदाराः सर्व एवैते' अशी आहे. चौघेही उदार. मागणारा भक्त कच्चा, ही टीप नंतरच्या प्रवचनकारांची.

तक्रारीबद्दल मात्र बरोबर बोललात, फक्त फार सभ्यपणे. जनाबाईंच्या नावावर असलेला 'अरे विठ्या विठ्या, मूळ मायेच्या कारट्या' हा अभंग वाचा. ती अर्जाची भाषा नाही, घरच्या माणसाला घातलेली शिवी आहे. 1630 च्या दुष्काळात तुकोबांनी बायको आणि मुलगा गमावला, आणि पुढे त्यांनी 'बरें जालें देवा निघालें दिवाळें' असं लिहिलं. लोक ती ओळ दुसऱ्याच दिवशीच्या समाधानासारखी वापरतात. ती मागे वळून पाहणाऱ्याची ओळ आहे. जखम ओली असताना दुसऱ्याच्या तोंडी ती घालणं हा तुकोबांवरही अन्याय.

शून्यप्रहर

ज्यू आणि ख्रिस्ती परंपरेतही हेच सापडतं. बायबलमधल्या 150 स्तोत्रांपैकी विलापाची स्तोत्रं इतकी आहेत की तो स्वतंत्र प्रकारच मानतात. बहुतेकांचा घाट ठरलेला: हाक, तक्रार, मागणं, आणि शेवटी कुठेतरी भरवशाकडे वळण. 88 वं स्तोत्र मात्र अंधारावरच संपतं, वळण येतच नाही. ते संग्रहातून कुणी काढून टाकलं नाही, हे मला जास्त बोलकं वाटतं. म्हणजे मेरुमणींच्या कागदावर एखाद्या दिवशी नुसती तक्रारच उरली तरी ती प्रार्थनाच.

कातळ

तक्रार कुणाकडे करायची, यावर एकमत झालेलं दिसतंय. पण तक्रारीला उत्तर काय? 1 नोव्हेंबर 1755 ला लिस्बनला भूकंप झाला तो सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, लोक चर्चमध्ये जमलेले असताना. प्रार्थना करणारेच चिरडले गेले. आपल्याकडे अशा वेळी 'पूर्वकर्म' हे उत्तर तयार असतं. कॅन्सर झालेल्या चार वर्षांच्या मुलाच्या आईला हे ऐकवणं याहून क्रूर काही नसेल. यापेक्षा 'कारण नाही, पेशी बिघडली' हे बरं. निदान त्यात ती दोषी ठरत नाही.

शून्यप्रहर

कर्माबद्दल तुमचा राग रास्त आहे, पण सिद्धांत नेमका कशासाठी होता ते पाहा. ब्रह्मसूत्रात, म्हणजे वेदान्ताच्या मूळ सूत्रग्रंथात, 2.1.34 ला प्रश्न आलाय तो ईश्वरावरच्या आरोपाचा: जग असं विषम आहे, तर ईश्वर पक्षपाती आणि निर्दय ठरतो का? शंकराचार्यांचं उत्तर असं की ईश्वर जीवांच्या कर्मानुसार फळ देतो, पाऊस जसा सगळ्या बियांवर सारखाच पडतो पण रोप बीजाप्रमाणे उगवतं. लगेच पुढच्या सूत्रात शंका येते की मुळात पहिलं कर्म आलं कुठून, आणि उत्तर मिळतं: संसार अनादि आहे. हे उत्तर तुम्हाला पटू नये, मलाही ते प्रश्न मागे ढकलण्यासारखं वाटतं. पण हा ईश्वराचा बचाव आहे. रुग्णाच्या निदानासाठी तो कुणी लिहिला नव्हता. गीताच म्हणते 'गहना कर्मणो गतिः'. कर्माची गती गहन असेल, तर शेजारच्या बाईला ती दोन मिनिटांत कशी कळली, हा प्रश्न अशा वेळी थेट विचारावा.

अर्धविराम

समुपदेशनाच्या बाजूनं थोडं. 'देव आहे का' हा वाद इथं मिटणार नाही. पण संकटात कुठली श्रद्धा माणसाला धरून ठेवते आणि कुठली पोखरते, यावर बरंच काम झालंय. केनेथ पार्गमेंट या मानसशास्त्रज्ञांनी 14 प्रश्नांची एक छोटी प्रश्नावली वापरात आणली. सात प्रश्न आधार देणाऱ्या श्रद्धेचे, सात झगड्याचे. झगड्याचे म्हणजे 'देवानं मला टाकलं का', 'ही शिक्षा आहे का', 'देवाचं माझ्यावर प्रेम आहे का' अशा वळणाचे. 2001 मध्ये 55 वर्षांवरच्या 596 रुग्णांचा दोन वर्षांचा अभ्यास आला. 'देवानं मला टाकलं' असं वाटणाऱ्यांत मृत्यूची जोखीम 28 टक्क्यांनी जास्त दिसली, देवाच्या प्रेमाबद्दल शंका घेणाऱ्यांत 22 टक्क्यांनी. आजाराची तीव्रता वगैरे हिशेबात धरून. हा सहसंबंध आहे, कारण नव्हे, हे कातळ सांगतीलच, म्हणून आधीच लिहिते.

यावरून तक्रार करणं धोक्याचं, असा अर्थ काढू नका. रागावणं वेगळं आणि 'मी टाकलेला आहे' या निष्कर्षावर महिनोन्‌महिने एकट्यानं बसून राहणं वेगळं. फरक ओळखायला सोपा आहे: रागावलेला माणूस अजून देवाशी बोलत असतो, दुसरा फक्त देवाबद्दल बोलतो. असं दिसलं तर त्याला पटवायला जाऊ नका, कुणाशी तरी मोकळं बोलता येईल अशी व्यवस्था करा.

भेटायला जाणाऱ्यांनी तीन वाक्यं टाळावीत. 'देवाला आवडला म्हणून नेला': ऐकणाऱ्याला देव लुटारू वाटतो. 'देव परीक्षा पाहतोय': मग नापास झालो तर काय? आणि 'झेपेल तेवढंच देव देतो', यात न झेपणाऱ्याला स्वतःचीच लाज वाटायला लागते. हे तिसरं वाक्य बायबलच्या नावावर खपवलं जातं, पण मूळ वचन (करिंथकरांस पहिलं पत्र, 10:13) मोहाबद्दल आहे, दुःखाच्या ओझ्याबद्दल नाही. बायबलमध्ये ईयोब नावाच्या माणसावर संकटं कोसळली, तेव्हा त्याचे मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहिले. तोवर सगळं ठीक होतं. मग त्यांनी कारणं सांगायला सुरुवात केली, आणि शेवटी देवानं ठपका ठेवला तो त्यांच्यावर, भांडणाऱ्या ईयोबावर नाही.

पाणवठा

ईयोबाचा मुद्दा शंभर टक्के. पण 'आधी काम, मग हवाला' हा मेरुमणींचा क्रम मला अजून खटकतो. काही संकटांत हातात कामच उरत नाही. डॉक्टरांनी उपचार थांबवले, आता काय? अशा वेळी मागणं आणि जवळ बसणं, दोनच गोष्टी उरतात.

मेरुमणी

ही दुरुस्ती मान्य, माझा क्रम तिथं तुटतो. क्रमाचा हट्ट मी उलट्या प्रकरणांमुळे धरते, जिथं काम उरलेलं असतं आणि हवाला आधीच टाकलेला असतो. गाठ हाताला लागली तेव्हा तपासणीला न जाता अनुष्ठान धरणं. कर्ज देणाऱ्याचे फोन टाळून पारायणाला बसणं. हप्ते पुन्हा बांधून मिळतात का हे थकबाकी साचण्याआधी विचारलं तर पर्याय जास्त असतात, नंतर ते कमी होत जातात. इस्लामी परंपरेत एक हदीस, म्हणजे पैगंबरांचं वचन, सांगतात: आधी उंट बांध, मग भरवसा ठेव. उंट असेल तोवर तो नियम. उंटच मेला असेल तर तुमचं बरोबर.

कातळ

एक व्यावहारिक प्रश्न, खोचक नाही. ज्याला देव वाटतच नाही, पण रात्री तीनला छाती भरून येते, त्यानं तुमची पद्धत वापरावी का? की ते ढोंग होईल?

मेरुमणी

वापरावी. ओळीच्या जागी नाव नको असेल तर 'आत, बाहेर' म्हणा. तक्रारीचा कागद मात्र कुणाला तरी उद्देशून असू द्या, गेलेल्या माणसाला लिहिलात तरी चालेल, कारण हवेत लिहिलेली तक्रार तीनच ओळींत स्वतःवर उलटते. मला ढोंग वाटत नाही. मानणाऱ्यांचेही बरेच दिवस कोरडेच जातात.

अर्धविराम

फक्त रात्री तीनच्या जपाला एक अट जोडते. मोजणी चुकली म्हणून पुन्हा पहिल्यापासून, मनात वाईट विचार आला म्हणून आणखी एक माळ, जप चुकला तर घरच्यांना काहीतरी होईल ही भीती, असं सुरू झालं तर ती भक्ती वाढलेली नाही. तो मंत्रचळाचा (ओसीडी या मानसिक आजाराचा) प्रकार असू शकतो, आणि जप वाढवला की तो चिघळतो, कारण प्रत्येक जादा माळ भीतीला खरं ठरवते. तेव्हा आकडा बांधून घ्या. 27 मणी झाले की माळ खाली, चुकले असले तरी. ती खाली ठेवणंच जमत नसेल, किंवा दोन आठवड्यांहून जास्त दिवस झोप, भूक, उमेद गेलेली असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. आणि जगणं नको असे विचार येत असतील तर दोन आठवडे मोजत बसू नका, त्याच दिवशी घरातल्या कुणाला तरी बरोबर घेऊन जा.

पाणवठा

आणि जाताना मागणंही चालू ठेवा. डॉक्टरकडे रांगेत बसून देवाशी भांडायला कुणाची मनाई नाही.