हसावं की वाईट वाटून घ्यावं? प्राध्यापकांच्या फजितीच्या कादंबऱ्या

प्रश्न:
रिचर्ड रूसोची 'स्ट्रेट मॅन' (१९९७) काल रात्री संपवली. पेनसिल्व्हेनियातलं एक काल्पनिक विद्यापीठ, तिथल्या इंग्रजी विभागाचा तात्पुरता हेड हँक, पन्नाशीला टेकलेला, वीसेक वर्षांपूर्वी एक कादंबरी लिहिली त्यानंतर काहीच नाही, बायको गावाला गेलीये, सहकारी खुर्चीवरून खाली खेचायला बसलेत, बजेटचा पत्ता नाही, आणि हा टीव्ही कॅमेऱ्यासमोर हंसाची मान धरून सांगतो की बजेट मिळेपर्यंत रोज एक बदक मारणार! पोट दुखेपर्यंत हसले, पण पुस्तक मिटल्यावर फार उदास वाटलं. तुम्हालाही असं होतं का? आणि या धर्तीचं अजून काय वाचू?

प्रतिसाद १:
किंग्जली एमिसची 'लकी जिम' (१९५४) वाचाच. जिम डिक्सन प्रोबेशनवरचा लेक्चरर, इतिहास शिकवतो पण त्याला त्यात काडीचा रस नाही, तरी नोकरी टिकावी म्हणून १४५० ते १४८५ मधल्या जहाजबांधणीवर पेपर लिहून बसलाय. प्रोफेसरच्या घरी पाहुणा म्हणून गेल्यावर सिगारेटने अंथरूण जाळतो आणि ब्लेडने जळका भाग कापून काढतो, तो प्रसंग मी चारदा तरी वाचलाय. पण ही उदास करत नाही हां, कारण जिम तरुण आहे, त्याला बाहेर पडायला जागा आहे. हँकला कुठे जायचं?

प्रतिसाद २:
वरच्यांचं शेवटचं वाक्य एकदम पटलं. मला तर जूली शूमाकरची 'डिअर कमिटी मेंबर्स' (२०१४) जास्त लागली. अख्खी कादंबरी म्हणजे एका प्राध्यापकाने लिहिलेली शिफारसपत्रं, बास. विद्यार्थ्याची शिफारस करता करता मध्येच घटस्फोट येतो, विभागाचे कापलेले पैसे येतात, जुनी भांडणं येतात, आणि स्वतःचं वाटोळं होतंय हे तो अशाच कुणाकुणाला लिहिलेल्या पत्रांत सांगत राहतो. शेवट सांगत नाही पण मन घट्ट करून वाचा. २०१५ चं थर्बर प्राइझ मिळालंय तिला, विनोदी लेखनासाठीचं.

प्रतिसाद ३:
मला हँकची कीव नाही येत, माया वाटते. बाप नामवंत समीक्षक, घर सोडून गेलेला, आणि पोराने प्रत्येक गोष्ट चेष्टेवारी न्यायची सवय तिथूनच लावून घेतली असं मला वाटतं. त्याच्याच भवितव्यावर मीटिंग चाललीये आणि हा वर सिलिंगमध्ये लपून मतदान बघतोय, तिथे मी हसायचो थांबलो. आपल्याबद्दल बाकीच्यांना नेमकं काय वाटतं हे असं लपून बघावंसं कुणाला वाटलं नसेल?

प्रश्नकर्ती:
सिलिंगचा प्रसंग मी भराभर वाचून पुढे गेले होते, आज रात्री परत काढते. त्यानंतर शिफारसपत्रंवालं.